साध्या एमएसच्या पिना-बुश वरून कडक करायची पद्धत: कोळशाच्या पेटीतलं कार्ब्युरायझिंग

उन्हाळवाही सुरू झाली की आपल्याकडच्या कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात एकच माल पडलेला दिसतो. पंजीच्या घासून मधातून बारीक झालेल्या पिना, पेरणी यंत्राचे अंडाकृती झालेले बुश, थ्रेशरचे खिळखिळे जोड. दुकानदार एमएसचा (माइल्ड स्टील, म्हणजे साधं मऊ लोखंड) राऊंड बार कापतो, भोक पाडतो, लावून देतो अन् पुढच्या हंगामात तेच काम परत येतं. मंग कोणीतरी शहाणा सांगतो का पिन भट्टीत लालभडक कर अन् पाण्यात बुडव, कडक होते. लोक करतात बी. पण त्यानंतर कानस फिरवून कोणी पाहत नाही, नाही तं तिथंच समजलं असतं का पिन होती तशीच मऊ आहे.

काऊन? तं पाणी देऊन कडक व्हायला पोलादात कार्बन लागतो अन् एमएसमध्ये तो असतो फक्त ०.१५ ते ०.२५ टक्के. छिन्नी, कमानीचा पाटा, यांच्यात अर्धा टक्का किंवा त्याच्या वर असतो म्हणून ते पाण्यानं किंवा तेलानं कडक होतात. एमएसमध्ये कार्बन आधी बाहेरून घालावा लागतो, त्यालाच कार्ब्युरायझिंग म्हणतात, वर्कशॉपवाले सरसकट केस हार्डनिंग म्हणतात. वरचा एक मिलिमीटरच्या आसपासचा थर ०.८ ते १ टक्का कार्बनचा होतो, गाभा जुनाच मऊ अन् चिवट राहतो. म्हणून पिन वरून झिजत नाही अन् झटका बसला तरी सहसा तुटत नाही. पूर्ण कडक पिन केली असती तं पहिल्याच दगडाला तिचे दोन तुकडे.

कारखान्यात हे काम गॅसच्या भट्टीत होतं. आपल्याला गावात जमण्यासारखी पद्धत म्हणजे पॅक कार्ब्युरायझिंग, म्हणजे लोखंडी पेटीत कोळशात माल दाबायचा, पेटी मातीनं बंद करायची अन् तासन्‌तास तापवायची. पद्धत लय जुनी आहे. कोळसा अन् लोखंडाचं नातं आपल्या भागाला नवीन बी नाही, पारशिवनी तालुक्यात नैकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली ती अडीच हजार वर्षांपेक्षा जुनी आहे.

आत होतं काय, एवढं समजून घ्या

हे समजलं तं बाकीचं सगळं आपोआप लक्षात राहतं, म्हणून वाचून घ्या, उडी मारू नका.

कोळसा लोखंडाला नुसता टेकून कार्बन देतो असं बहुतेकांना वाटतं. खरं काम गॅस करतो. पेटीत जी थोडी हवा अडकलेली असते तिच्यात कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तो तापलेल्या कोळशावरून जाताना कार्बन मोनॉक्साइड बनतो, अन् हा मोनॉक्साइड लोखंडाच्या अंगावर येऊन आपला कार्बन तिथं सोडतो अन् परत डायऑक्साइड होतो. तो पुन्हा कोळशाकडे, पुन्हा मोनॉक्साइड, असं चक्र चालू राहतं. हवा सतत आत येत राहिली तं कोळसा नुसता जळून राख होईल, म्हणून पेटी बंद पाहिजे.

दुसरी गोष्ट तापमानाची. थंड लोखंडात कार्बन जवळजवळ विरघळतच नाही, ०.०२ टक्क्याच्या वर जागाच नाही. पण साधारण ८५०-९०० डिग्रीच्या वर गेल्यावर एमएसची आतली रचना पूर्ण बदलते, तिला ऑस्टेनाइट म्हणतात, अन् तिच्यात दोन टक्क्यांपर्यंत कार्बन मावतो. म्हणून ९०० ते ९३० डिग्री हे आपलं कामाचं तापमान. अन् कार्बन आत जातो तो लोणचं मुरल्यासारखा, आधी वरची साल, मंग हळूहळू आत, घाई केली तं फक्त साल खारट. दहा मिनिटं कोळशात लाल करून काहीच होत नाही ते याच्यामुळं.

लोखंड कोणतं ते आधी ओळखा

सगळ्यात जास्त माल इथं वाया जातो. भंगारातून जो गोल तुकडा सापडला तो उचलायचा अन् पेटीत टाकायचा, असं करू नका.

एमएस ब्राइट बार घ्या, तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये मिळतो, २० किंवा २५ मिलिमीटरचा. शिकायला हाच चांगला. ईएन-८ नावाचा बार बी दुकानदार पुढं करतो, "हा कडक येतो" म्हणून. त्याच्यात ०.४ टक्क्याच्या आसपास कार्बन आधीच असतो, तो सरळ तापवून पाणी-तेल देऊन कडक होतो, त्याला पेटीत घालायची गरज नाही. घातला अन् मंग पाण्यात बुडवला तं गाभा बी कडक होतो अन् चीर पडायची शक्यता फार. कमानीच्या पाट्याचं तेच. टीएमटी सळाख तं घेऊच नका, तिच्यात काय काय आहे ते बंडलागणिक बदलतं.

पैसे खर्च करायची तयारी असेल तं २०एमएनसीआर५ किंवा ईएन-३५३ असे खास केस हार्डनिंगचे बार येतात, गिअरसाठी वापरतात. त्यांना पाण्याऐवजी तेल चालतं, म्हणून वाकणं-चिरणं कमी. पण ते तालुक्याला सहजी मिळत नाहीत, नागपूर-अमरावतीहून आणावे लागतात.

भंगाराचाच तुकडा वापरायचा हट्ट असेल तं ग्राइंडरवर टेकवून ठिणगी पाहा. एमएसची ठिणगी लांब, सरळ, पिवळसर रेघांची, फाटे मोजके. कार्बन जास्त असलेल्या पोलादाची ठिणगी आखूड अन् टोकाला फुलबाजीसारखी फुटलेली. शेजारी एक माहितीतला एमएसचा तुकडा ठेवा अन् दोन्ही लागोपाठ टेकवा, नुसत्या आठवणीवर ओळखू नका. अन् जस्ताचं पाणी चढवलेलं काहीही, जीआय पाइप, जीआय बोल्ट, भट्टीजवळ बी आणू नका, त्याचा पांढरा धूर अंगात गेला तं हिवताप आल्यासारखा ताप भरतो.

पेटी अन् मसाला

पेटीसाठी चार इंची काळा एमएस पाइप, जाडी सहा मिलिमीटर, लांबी आठ-नऊ इंच. खाली प्लेट वेल्ड करा, चांगली जाड. वर झाकण नुसतं ठेवायचं, वेल्ड नाही, बोल्टनं कचकचून आवळायचं बी नाही, कारण आत गॅस तयार होतो अन् त्याला मातीतून झिरपायला वाट पाहिजे. झाकणात सात मिलिमीटरची दोन भोकं पाडून ठेवा, ती कशाला ते पुढं सांगतो. पेटी प्रत्येक वेळी वरून पापुद्रे टाकते, पातळ होत जाते, पाच-सहा खेपांनंतर ठोकून पाहत जा.

कोळसा लाकडाचाच. बाभळीचा घट्ट कोळसा उत्तम, तो आपल्याकडं इस्त्रीवाले, धाबेवाले यांच्याकडं मिळून जातो. जंगलातून लाकूड आणून कोळसा पाडायच्या भानगडीत पडू नका, वनखात्याचं लचांड लागेल, एका पेटीला कोळसा लागतोच किती. वणी-चंद्रपूरकडचा दगडी कोळसा बाहेरून भट्टी पेटवायला चालतो पण पेटीच्या आत नको, त्याच्यातली राख अन् गंधक मालाला लागतं. आतला कोळसा तुरीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या मोठ्या दाण्याएवढा कुटायचा अन् बारीक भुकटी चाळून काढून टाकायची. भुकटी राहिली तं गॅस फिरत नाही. कोळसा कढईत गरम करून पुरता कोरडा करा, ओला कोळसा म्हणजे आत वाफ अन् मालावर पापुद्रे.

नुसत्या कोळशावर बी काम होतं पण मंद होतं अन् एकसारखं होत नाही. म्हणून त्याच्यात कार्बोनेट घालतात, ते तापलं का डायऑक्साइड सोडतं अन् गॅसचं चक्र जोरात फिरतं. बाजारातल्या तयार पावडरीत बेरियम कार्बोनेट असतं, ते विष आहे, उंदीर मारायला वापरायचे ते. घरी पोरंसोरं, कोंबड्या, बकऱ्या फिरतात तिथं ते नकोच. त्याऐवजी सोडा अ‍ॅश (धुण्याचा सोडा) घ्या, साबणवाल्यांकडं किंवा किराण्यात मिळतो, अन् थोडी चुनखडीची भुकटी. वजनानं दहा भाग कोळशाला एक भाग सोडा अ‍ॅश अन् अर्धा भाग चुनखडी. सोडा थोड्या पाण्यात कालवून कोळशावर शिंपडा, हातानं नाही तं खुरपीनं मिसळा, मंग उन्हात अन् कढईत पुन्हा कडकडीत वाळवा, त्यानं सोडा प्रत्येक दाण्याला चिकटतो. नुसता कोरडा मिसळला तं तो खाली बसतो.

यूट्यूबवर कोणी साखर, कोणी युरिया, कोणी काय काय टाकताना दिसेल. साखरेचं शेवटी कोळसाच होतो, उगीच महाग. युरियाचा धूर डोळ्या-नाकाला झोंबतो अन् आपल्या कामाचा नाही. सायनाइडचं मीठ वापरूनही केस हार्डनिंग होतं हे खरं आहे, पण ते काम लायसन्स अन् धुराची व्यवस्था असलेल्या कारखान्याचं, त्याचं नाव बी आपल्या भट्टीजवळ काढायचं नाही.

माल भरणं

पिना आधी पूर्ण बनवून घ्या, टर्निंग, कॉटरची भोकं, चॅम्फर सगळं. तेल-ग्रीस सोड्याच्या गरम पाण्यानं धुवा, गंज पॉलिश पेपरनं काढा. घासणारी जागा ग्राइंड करायची असेल तं प्रत्येक बाजूनं ०.१ ते ०.२ मिलिमीटर जास्तीचं ठेवा, त्याहून जास्त नको, नाही तं कमावलेला कडक थरच घासून फेकाल.

आटे कडक करायचे नसतात, कडक आटा फुटतो. त्यासाठी आट्यांवर फायर क्लेचा (भट्टीची, आगीत टिकणारी माती) जाड लेप द्या अन् वाळू द्या. लेपाचा भरोसा तेवढाच, म्हणून जिथं आटा येणार तिथं व्यास दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवायचा, पेटीतून निघाल्यावर तो थर लेथवर काढून टाकायचा अन् मंग आटे पाडायचे, हे मला जास्त खात्रीचं वाटतं. पाणी द्यायच्या आधी हा थर लेथवर निघतो, नंतर नाही.

पेटीच्या तळाला इंचभर मसाला, त्याच्यावर पिना उभ्या. पिन ते पिन अन् पिन ते भिंत अंतर अर्धा-पाऊण इंच, एकमेकांना टेकल्या तं टेकलेली जागा मऊ राहील. चार इंची पाइपात २५ च्या दोन पिना आरामात बसतात, तिसरी कोंबू नका. भरताना पेटी हलके हलके ठोकत राहा म्हणजे मसाला बसतो. वरून दोन इंच मसाला, कारण जळून तो खाली बसणार.

झाकण ठेवलं का त्या दोन भोकांतून सहा मिलिमीटरच्या एमएस सळया आत घाला, पिनांच्या मधोमध पोचतील एवढ्या, अन् बाहेर चार बोटं राहतील अशा. या आपल्या टेस्ट सळया. मंग झाकणाची फट अन् भोकं मातीनं लिंपायची. माती कोणती हे महत्त्वाचं. आपली काळी माती अजिबात नको, ती वाळली का भेगाळते, शेतात पाहतोच आपण. फायर क्ले मिळाली तं उत्तम, नाही तं कुंभाराकडची माती, त्याच्यात वाळू अन् थोडा भुसा घालून मळा. लिंपून सावलीत वाळू द्या, भेग दिसली तं पुन्हा लिंपा. ओली पेटी भट्टीत ठेवायची नाही.

भट्टी

लोहाराची उघडी भट्टी या कामाला पुरत नाही, एका बाजूनं पेटी पांढरी होते अन् दुसऱ्या बाजूनं काळी. फायर ब्रिकची चौकोनी भट्टी रचा, पेटीच्या चारी बाजूंनी हात मावेल एवढी जागा, खालून ब्लोअरचा पाइप, वरून दोन विटांचं झाकण. पेटी विटांच्या तुकड्यावर उभी करा म्हणजे तिच्या खालून बी विस्तव राहील. साधी भाजलेली गावठी वीट दोन-तीन खेपा टिकते, मंग ढासळते.

लाईनचं आधी पाहून घ्या. हे काम एकदा सुरू झालं का सहा-सात तास थांबत नाही अन् मधात लाईन गेली, ब्लोअर बंद पडला, तं पेटी थंडी होऊन सगळा हिशेब बिघडतो. शेतातल्या थ्री फेजच्या भरोशावर राहू नका, गावठाणातली सिंगल फेज धरा, अन् हातानं फिरवायचा जुना पंखा किंवा भाता शेजारी तयार ठेवा.

अन् भट्टी उघड्यावर किंवा चारी बाजूंनी मोकळ्या शेडखालीच लावायची. पेटीतून झिरपणारा कार्बन मोनॉक्साइड ना दिसत ना वास येत, बंद खोलीत तो माणूस मारतो. मे महिन्यात कितीही ऊन असलं तरी शटर ओढून आत भट्टी लावली, असं कोणी करू नका. उन्हावर उपाय म्हणजे संध्याकाळी सुरू करायचं, त्याचा दुसरा फायदा पण आहे. लोखंडाचा रंग भर उन्हात कळतच नाही, उन्हात जो मंद लाल वाटतो तो अंधारात नारिंगी असतो.

रंगाचा अंदाज असा: गडद लाल म्हणजे सातशेच्या आसपास, चेरीसारखा लाल म्हणजे पावणेआठशे, उजळ लाल साडेआठशे, अन् आपल्याला पाहिजे तो नारिंगीकडं झुकलेला, नऊशे ते नऊशे तीस. पिवळा दिसायला लागला तं हजाराच्या जवळ आलात, ब्लोअर कमी करा. एवढ्या उष्णतेत लोखंडाचा दाणा (आतले बारीक स्फटिक) मोठा होतो अन् माल ठिसूळ निघतो. नवीन माणसानं रंगावर न जाता के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) अन् डिजिटल मीटर घ्यावा. त्याच्यासारखा उपयोगाचा खर्च या कामात दुसरा नाही. थर्मोकपल सिरॅमिकच्या नळीत घालून पेटीला टेकवून ठेवायचं, विस्तवात मोकळं सोडायचं नाही.

वेळ

घड्याळ लावायचं ते पेटी बाहेरून लाल झाली तेव्हा नाही, आतला मसाला अन् माल तापला तेव्हा. कोळसा उष्णता हळू नेतो, चार इंची पेटीला बाहेरून रंग आल्यावर आत पोचायला तास-सव्वा तास धरा.

त्यानंतर ९२५ डिग्रीला ढोबळमानानं एका तासात कार्बन ०.६ मिलिमीटर आत जातो, चार तासांत सव्वा मिलिमीटर, नऊ तासांत १.९. म्हणजे खोली दुप्पट पाहिजे तं वेळ चौपट, दुप्पट नाही. तापमान ८७० वरच राहिलं तं त्याच चार तासांत ०.९ च्या आसपासच होतो. ही सगळी पूर्ण थराची खोली झाली, खरा कडक भाग त्याहून थोडा कमी असतो. २५ च्या पिनेला एक मिलिमीटर भरपूर, म्हणजे तीन-साडेतीन तास आतल्या तापमानाला. रात्रभर ठेवून "अजून कडक" होत नाही. कार्बन वाजवीपेक्षा जास्त चढला तं वरच्या थरात ठिसूळ जाळं तयार होतं अन् पिनेच्या कडा टवके होऊन उडतात.

पातळ मालाला हिशेब वेगळा. तीन मिलिमीटरच्या पट्टीत दोन्हीकडून सव्वा-सव्वा आत गेला तं मधात मऊ राहिलंच काय? तिथं अर्ध्या मिलिमीटरवर थांबा.

आता त्या टेस्ट सळया. तीन तास झाले का पहिली सळई सांडशीनं ओढून काढा, लगेच पाण्यात बुडवा अन् भोक मातीनं बंद करा. सळई व्हाइसमध्ये धरून हातोडीनं तोडा. मोडलेल्या तोंडावर बाहेरच्या बाजूला बारीक, रेशमी, राखाडी कडं दिसेल अन् आत जाड दाण्याचा किंवा तंतूतंतूंचा भाग. ते कडं मोजायचं, पट्टीनं बी अंदाज येतो. पुरेसं असेल तं भट्टी बंद, कमी असेल तं तासाभरानं दुसरी सळई. मी म्हणतो या सळयांवरच विश्वास ठेवा, तासांच्या हिशेबापेक्षा आपली भट्टी काय करते ते त्याच सांगतात.

पेटी थंड होऊ द्या

ब्लोअर बंद करा, भट्टी झाका, घरी जाऊन झोपा. पेटी लाल असताना झाकण काढलं का आतला गॅस भपकन पेटतो, चेहरा समोर असतोच. कारखान्यात काही माल पेटीतून सरळ तेलात टाकतात हे खरं, पण त्यांच्याकडं त्याची सोय असते. आपल्याला थंड करून पुन्हा तापवायचंच बरं, कारण एवढे तास नऊशेच्या वर राहून दाणा मोठा झालेला असतो अन् दुसऱ्यांदा कमी तापमानाला तापवलं का वरच्या थराचा दाणा परत बारीक होतो.

सकाळी पिना काढा. काळपट-राखाडी दिसतील. आत्ता त्या कडक नाहीत, कानस लागेल, एमएसपेक्षा जराशी कडकच वाटेल बस. लेथचं जे काम उरलंय ते आत्ताच करून घ्या.

पाणी देणं

आता पिन ७८० ते ८०० डिग्रीला न्यायची. चुंबक तारेला बांधून जवळ ठेवा, ७७० च्या आसपास लोखंड चुंबकाला चिकटायचं बंद होतं, तिथून रंग अजून थोडा उजळ होऊ द्यायचा. उघड्या विस्तवात, ब्लोअर जोरात सोडून तापवू नका, रात्रभर घातलेला कार्बन त्या हवेत जळून जाईल. जाड कोळशाचा थर, हवा कमी, पिन कोळशाच्या पोटात. किंवा एका लहान पाइपात मूठभर कोळशासोबत पिन ठेवून तो पाइपच तापवा. पिन आरपार एका रंगाची झाली का तापमानावर पाचेक मिनिटं ठेवायची.

पाण्यासाठी वीस लिटरच्या लोखंडी डब्यात दोन किलो खडे मीठ विरघळवा. मिठाच्या पाण्यानं पिनेभोवती वाफेचं आवरण टिकत नाही म्हणून ती सगळीकडून सारखी थंड होते. उन्हाळ्यात छतावरच्या टाकीचं पाणी घेऊ नका, एप्रिल-मेमध्ये त्याला हात लावता येत नाही इतकं ते तापतं अन् गरम पाण्यात पिनेवर मऊ चट्टे राहतात. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं घ्या.

पिन उभी धरायची, सरळ खाली घालायची, अन् वर-खाली हलवत राहायचं. आडवी टाकली तं केळीसारखी वाकते. हात लावण्याइतकी थंड होईपर्यंत बाहेर काढू नका. खास मिश्र पोलाद असेल तं त्याचं तापमान वेगळं, दुकानदाराकडून शीट मागा, अन् तेल वापराल तं डबा लोखंडी, झाकण हाताशी, तेलात पाण्याचा थेंब नको. पेटलेल्या तेलावर पाणी कधीच टाकायचं नाही. जाड सुती कपडे, चामडी बूट, चष्मा, हे सगळ्या कामाला लागू. टेरिकॉटचा शर्ट अंगाला चिकटतो.

टेम्परिंग सोडू नका

पाण्यातून निघालेली पिन काचेसारखी असते, आत ताण भरलेला. तशीच ठेवली तं कधीकधी रात्रीतून आपोआप चिरते. म्हणून त्याच दिवशी, जमलं तं तासाभरात, १६० ते २०० डिग्रीला दीड-दोन तास. लोखंडी कढईत कोरडी वाळू, वाळूत पिन गाडलेली, शेजारी थर्मोकपल, खाली मंद आच. पिनेचा एक कोपरा पॉलिश करून उघडा ठेवा, त्याच्यावर फिकट गवती पिवळा रंग यायला लागला म्हणजे २००-२२० झाले, आच काढा. निळा आला तं तीनशेच्या जवळ गेलात, तेवढा कडकपणा गेला समजा. घरच्या ओव्हनमध्ये बी होतं, फक्त घरच्यांना विचारून.

नीट झालेला थर ५८ ते ६२ एचआरसीचा (रॉकवेल, कडकपणा मोजायचं माप) असतो. आपल्याकडं मशीन नाही, नवी कानस आहे. कानस पिनेवरून घसरली, काचेवर फिरवल्यासारखी, अन् पिनेवर ओरखडा नाही, तं काम झालं. दोन-तीन जागी तपासा.

बिघडलं तं कुठं पाहायचं

पूर्ण पिन मऊ असेल अन् टेस्ट सळईवर कडं दिसलं होतं, तं चूक पाणी देताना आहे, एक तं तापमान कमी किंवा पाणी गरम. सळईवर कडंच नव्हतं तं पेटी आतून तापली नाही किंवा भेगेतून हवा जाऊन कोळसा जळाला, उघडल्यावर वरचे दोन इंच राख दिसतेच. चट्टे-चट्टे मऊ म्हणजे पिना टेकल्या होत्या, तेल राहिलं होतं किंवा पाण्यात हलवल्या नाहीत. लांबीत चीर पडली तं नव्वद टक्के वेळा तो बार एमएस नव्हताच. टवके उडाले तं कार्बन जास्त झाला किंवा टेम्परिंग झालं नाही. मऊ निघालेला माल फेकायची गरज नाही, कडं असेल तं पुन्हा तापवून पाणी देता येतं. चिरलेला मात्र भंगार.

ट्रॉलीच्या हुकाची पिन घरी करू नका. मजूर बसवून, कापूस भरून ट्रॉली रोडनं चालते, तिथं पिन तुटली तं माणसं जातात. ती कंपनीची विकत घ्या. घरची पद्धत पेरणी यंत्र, डवरे, वखराचे जोड, थ्रेशरचे बुश, अशा ठिकाणी लावा जिथं तुटलं तं फक्त काम थांबेल. अन् एकाच वेळी पन्नास-साठ पिना करायच्या असतील तं भट्टीचा कोळसा जाळण्यात अर्थ नाही, नागपूरला हिंगणा, बुटीबोरीकडं हीट ट्रीटमेंटची जॉबवर्क करणारे आहेत, किलोच्या भावानं घेतात. त्यांना नुसतं "कडक करून द्या" म्हणू नका. लोखंड कोणतं, केस डेप्थ (कडक थराची खोली) ०.८ ते १ मिलिमीटर, हार्डनेस ५८ ते ६२ एचआरसी, अन् कोणती जागा मऊ ठेवायची, हे कागदावर लिहून द्या.

पेटीतला उरलेला मसाला फेकू नका. चाळून राख काढा, चौथा हिस्सा नवा मसाला मिसळा अन् पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. मृग लागायच्या आधी हे करून ठेवा, सोडा पावसाळ्यात ओल धरतो, तरीही पुढच्या खेपेला कढईत एकदा वाळवूनच वापरा.